निकालाबरोबर जागाही छापा : क्रीडासंपादकांना खुले पत्र

मराठी वर्तमानपत्रांचे क्रीडासंपादक व क्रीडापत्रकार यांस,



मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेत मायामी ग्रां प्री होते. २०२२ साली ती प्रथम झाली आणि तेव्हापासून फॉर्म्युला वनच्या वेळापत्रकात पक्की बसली. मराठी क्रीडापानावर तिची बातमी बहुधा आठ-दहा ओळींची असते. कोण जिंकला, दुसरा-तिसरा कोण, गुणतक्त्यात आघाडी कोणाची. आणि जागा उरलीच तर शर्यत पाहायला आलेल्या चित्रतारकांचे छायाचित्र. या बातमीत चूक काही नसते. पण शर्यत जिथे झाली ती जागा तिच्यात नसते, तिथे राहणारी माणसे नसतात. एका स्टेडियमच्या भोवती ताशी तीनशे किलोमीटरने गाड्या पळवायच्या हे कोणी आणि कोणाच्या संमतीने ठरवले, याचा तर उल्लेखही नसतो. मोटारशर्यती आवडीने पाहणारा आणि क्रीडापान रोज वाचणारा माणूस म्हणून मला ही उणीव फार खटकते. म्हणून हे पत्र.

आपली अडचण मी समजू शकतो. मायामीत रविवारी दुपारी साडेतीन-चारला शर्यत सुरू होते तेव्हा आपल्याकडे सोमवार सुरू होऊन एक-दीड तास झालेला असतो. शर्यत संपता संपता पहाटेचे तीन वाजतात. तोवर सोमवारचा अंक छापून वाटेला लागलेला असतो आणि मंगळवारपर्यंत निकाल शिळा होतो. त्यातच आयपीएलचा हंगाम ऐन भरात असतो. हे सगळे मान्य. पण निकाल वाचकाने सोमवारी सकाळीच मोबाइलवर पाहिलेला असेल, तर मंगळवारच्या अंकात तोच पुन्हा देऊन आपण त्याला नवे काय देता? शिळे न होणारे असे पुष्कळ काही त्या ट्रॅकपाशी आहे. ते आपण देत नाही, ही माझी तक्रार आहे. ती मुद्द्यांनी मांडतो.

पहिला मुद्दा जागेचा. मायामी म्हटले की समुद्रकिनारा आणि नारळीच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. शर्यतीच्या प्रक्षेपणातही तीच दृश्ये वारंवार दाखवली जातात. पहिल्या वर्षी आयोजकांनी ट्रॅकच्या एका बाजूला जमिनीवर पाण्याचा निळा रंग चढवून त्यावर खऱ्या नौका मांडल्या होत्या. वाचकाची समजूत व्हावी की शर्यत समुद्रकाठी झाली. प्रत्यक्षात ती होते समुद्रापासून बरीच आत, मायामी गार्डन्स नावाच्या वेगळ्या शहरात, हार्ड रॉक स्टेडियमच्या आवारात. पुण्याजवळ गहुंजेचे स्टेडियम जसे द्रुतगती मार्गाच्या कडेला उभे आहे, तसे हे स्टेडियम फ्लोरिडाच्या टर्नपाइक या महामार्गाला लागून आहे. १९८७ साली ते उघडले तेव्हा त्याचे नाव जो रॉबी स्टेडियम होते. मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे ते घर. सहा सुपर बोल तिथे झाले. २०१९ पासून मायामी ओपन ही टेनिस स्पर्धाही तिथेच होते.

स्टेडियमच्या चहूबाजूंना गाड्या उभ्या करायची प्रचंड मैदाने आहेत आणि ट्रॅक त्यांच्यावरूनच वळणे घेत जातो. एक फेरी ५.४१२ किलोमीटरची, वळणे १९, शर्यतीच्या फेऱ्या ५७. तीन लांब सरळ पट्टे आहेत आणि त्यांवर वेग ताशी ३२० किलोमीटरच्या घरात जातो. चौथ्या ते आठव्या वळणापर्यंतचा भाग वेगवान आणि वाहता. अकराव्या वळणानंतर मात्र रस्ता आक्रसतो, महामार्गाच्या उतारांखालून जातो, चढतो, आणि चौदाव्या-पंधराव्या वळणाची शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणे) चढाच्या माथ्यावर येते. तिथे ड्रायव्हरला पुढचे नीट दिसत नाही. अंतिम रूप ठरवण्याआधी ३६ वेगवेगळे आराखडे संगणकावर पळवून पाहिले गेले होते. शर्यत कुठे जिंकली गेली आणि कुठे हरली गेली, हे या नकाशाशिवाय कळत नाही. क्रिकेटच्या बातमीत आपण खेळपट्टी कशी होती हे सांगितल्याशिवाय राहत नाही. मोटारशर्यतीत ट्रॅक हीच खेळपट्टी असते, मग तिला एक ओळही का मिळू नये?

दुसरा मुद्दा माणसांचा. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा हाच.

ही शर्यत मुळात मायामी गार्डन्सची नव्हतीच. २०१८ मध्ये ती मायामी शहराच्या मध्यभागी, बिस्केन उपसागराच्या काठच्या रस्त्यांवर भरवायची योजना होती. तिथल्या रहिवाशांनी रस्ते बंद होण्यावरून आणि आवाजावरून हरकत घेतली, वाटाघाटी लांबल्या, आणि ती योजना बारगळली. मग डॉल्फिन्स संघाचे आणि स्टेडियमचे मालक स्टीफन रॉस यांनी शर्यत आपल्या स्टेडियमपाशी आणायचे ठरवले. उपसागराकाठच्या मध्यवस्तीला जी शर्यत नको झाली, ती आली मायामी गार्डन्सच्या दाराशी. हे शहर २००३ साली स्वतंत्र झाले. लोकवस्ती लाखाच्या वर आहे. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेले ते फ्लोरिडातले सर्वांत मोठे शहर. इथे स्वतःच्या घरात राहणारी, पिढ्यान्‌पिढ्या वस्ती केलेली मध्यमवर्गीय कुटुंबे आहेत.

स्टेडियमपाशी आणलेल्या पहिल्या आराखड्यात ट्रॅकचा एक तुकडा स्टेडियमच्या दक्षिणेच्या नॉर्थवेस्ट १९९व्या रस्त्यावरून जाणार होता. हा सार्वजनिक रस्ता आहे, आणि त्याच्या पलीकडे घरे आहेत. लोक उभे राहिले. मायामी-डेड काउंटीच्या माजी कमिशनर बेटी फर्ग्युसन यांनी त्यांचे नेतृत्व केले. २०१९ च्या अखेरीस काउंटीच्या कमिशनने वस्तीतले रस्ते शर्यतीसाठी बंद करण्यावर अंकुश ठेवणारा ठराव मंजूर केला, आणि तेव्हाचे महापौर कार्लोस हिमेनेझ यांनी नकाराधिकार वापरून तो फेटाळला. तरीही विरोध शमला नाही. अखेर आयोजकांनी १९९वा रस्ता सोडला आणि सगळा ट्रॅक स्टेडियमच्या खाजगी आवारात ओढून घेतला. आज दूरचित्रवाणीवर ट्रॅकचा जो आकार आपण पाहतो, तो नुसत्या अभियंत्यांच्या संगणकातून आलेला नाही. १९९व्या रस्त्यालगत राहणाऱ्या लोकांनी सभांमध्ये उभे राहून जे सांगितले, त्यातून तो घडला आहे.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये मायामी गार्डन्सच्या नगर परिषदेने बहुमताने शर्यतीला संमती दिली. सोबत १० वर्षांत ५० लाख डॉलरचा लाभ शहराला देण्याचा करार झाला. त्यात विद्यार्थ्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचे कार्यक्रम, स्थानिक व्यावसायिकांना संधी आणि रहिवाशांना सवलतीची तिकिटे या गोष्टी होत्या. काही रहिवाशांना हे मान्य नव्हते. श्रीमंतांच्या वस्तीने नाकारलेला त्रास कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर लादला जातो आहे, असे म्हणत ते न्यायालयात गेले. पहिल्या शर्यतीच्या तोंडावर न्यायालयाने ती थांबवायला नकार दिला आणि ८ मे २०२२ रोजी मॅक्स वेर्स्टाप्पेन पहिली मायामी ग्रां प्री जिंकला. तीन दिवसांत सुमारे २ लाख ४३ हजार प्रेक्षक आले.

यात कोणाची बाजू बरोबर, याचा निवाडा आपण द्यावा असे माझे म्हणणे नाही. ज्यांना शर्यत हवी होती त्यांच्याकडेही कारणे होती. रोजगार, पाहुण्यांची वर्दळ, शहराचे नाव जगात जाणे, यांत कमीपणाचे काहीच नाही. मागणी एवढीच, की विजेत्याच्या नावाबरोबर हा झगडाही वाचकापर्यंत पोहोचावा. खेळासाठी जागा लागते आणि जागा कोणाची तरी असते, ही गोष्ट क्रीडापानाच्या कक्षेबाहेरची नाही.

तिसरा मुद्दा सुरक्षेचा. कायमस्वरूपी सर्किटवर ट्रॅकच्या कडेला खडीचे किंवा डांबराचे मोकळे पट्टे असतात आणि भिंत दूर असते. स्टेडियमभोवतीच्या आटोपशीर जागेत भिंत हाताच्या अंतरावर येते. पहिल्याच वर्षी शुक्रवारच्या सरावात फेरारीचा कार्लोस साइन्झ चौदाव्या वळणापाशी घसरून काँक्रीटच्या भिंतीवर आदळला. तिथे आघात शोषून घेणारे टेकप्रोचे ठोकळे लावा, असे त्याने ड्रायव्हरांच्या बैठकीत सांगितले. ते लागले नाहीत. शनिवारी अल्पीनचा एस्तेबान ओकॉन त्याच जागी आदळला. धक्का ५१ जीचा होता, असे त्याने नंतर सांगितले. म्हणजे शरीराच्या वजनाच्या ५१ पट. गाडीची चॅसी तडकली, पात्रता फेरी हुकली. रविवारी सर्वांत मागून सुरुवात करून तो आठवा आला, साइन्झ तिसरा आला. या दोन ओळींच्या निकालामागे दोन माणसांची तक्रार आहे, आणि ती न ऐकणारी यंत्रणाही आहे. ही बातमी नसेल तर बातमी कशाला म्हणायचे?

याच्याच जोडीला डांबराचा प्रश्न. पहिल्या वर्षी नव्या डांबरावर नेहमीच्या रेषेच्या बाहेर गाडी गेली की टायरची पकड सुटत होती, त्यामुळे मागून येणाऱ्याला ओव्हरटेक करणे अवघड झाले. ड्रायव्हरांनी उघड नाराजी व्यक्त केली आणि २०२३ च्या शर्यतीआधी सगळा ट्रॅक नव्याने डांबरला गेला. त्या वर्षी वेर्स्टाप्पेन नवव्या जागेवरून सुरुवात करून जिंकला. २०२४ मध्ये लँडो नॉरिसने कारकिर्दीतला पहिला विजय इथेच मिळवला आणि २०२५ मध्ये ऑस्कर पियास्त्री जिंकला. नावे आपण छापलीत. त्यांच्या चाकांखाली काय बदलले, ते राहून गेले.

सार्वजनिक रस्त्यावरच्या ट्रॅकचे धोके आणखी वेगळे असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये लास वेगास ग्रां प्रीच्या पहिल्याच सरावात रस्त्यातल्या पाण्याच्या व्हॉल्व्हचे झाकण उचकटून साइन्झच्या गाडीला खालून फोडून गेले. काही मिनिटांतच सराव थांबला. दोष ट्रॅकचा होता, पण सुटे भाग बदलावे लागले म्हणून नियमानुसार साइन्झलाच दहा जागा मागे जावे लागले. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली, तर खाजगी आवारातला ट्रॅक आणि शहरी रस्त्यावरचा ट्रॅक यांतला फरक कोणत्याही वाचकाला समजेल. असे शेजारी ठेवून दाखवणे हे आपले काम आहे.

चौथा मुद्दा काळाचा. असा ट्रॅक शर्यतीपुरता उभा राहतो, शर्यत संपली की सिमेंटचे ठोकळे, जाळ्या आणि प्रेक्षकांचे मचाण उतरवले जातात, एवढे आपण लिहिता. ते अर्धे खरे आहे. मायामीत डांबर तिथेच राहते, पिट लेनची इमारत तिथेच राहते. २०२३ पासून संघांचा तळ थेट स्टेडियमच्या आत, फुटबॉलच्या मैदानावर असतो. मूळ करार १० वर्षांचा होता. मे २०२५ मध्ये तो २०४१ पर्यंत वाढवला गेला. पहिल्या शर्यतीच्या वर्षी शेजारच्या घरात जन्मलेले मूल तोवर १९ वर्षांचे झालेले असेल. दर वर्षीच्या एका आठवड्याचा हिशेब वेगळा आणि वीस वर्षांच्या शेजाराचा हिशेब वेगळा. करारवाढीची बातमी देताना हा दुसरा हिशेब मांडला जायला हवा होता.

जगात अशी मायामी एकटी नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईची अगदी पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगमध्ये झाली, तीही २००८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या ‘बर्ड्स नेस्ट’ स्टेडियमच्या परिसरात. मुंबईच्या महिंद्र समूहाचा संघ त्या शर्यतीत होता. करुण चंढोक आणि ब्रुनो सेन्ना हे त्याचे ड्रायव्हर. म्हणजे स्टेडियमभोवतीच्या ट्रॅकशी आपला संबंध पहिल्या दिवसापासून आहे. सिडनीत २००० च्या ऑलिंपिक संकुलाभोवती २००९ ते २०१६ अशी व्ही-८ सुपरकार्सची शर्यत होत असे. तिथे झाडे तोडण्यावरून वाद झाला आणि २०१० मध्ये न्यू साउथ वेल्सच्या ऑडिटर-जनरलने त्या शर्यतीतल्या सरकारी गुंतवणुकीची तपासणी करून अहवाल दिला. आज ती शर्यत तिथे होत नाही. मोठ्या खेळासाठी उभारलेल्या संकुलांना नंतर रोजचे काम मिळत नाही, म्हणून मोटारशर्यत आणली जाते. ही कल्पना कुठे रुजली, कुठे नाही आणि का, हा एका उत्तम लेखमालेचा विषय आहे.

पाचवा मुद्दा आपल्या घरचा, आणि म्हणूनच तातडीचा. हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी ११ फेब्रुवारी २०२३ रोजी फॉर्म्युला ईची शर्यत झाली. दुसऱ्या वर्षाची शर्यत तेलंगणात सरकार बदलल्यानंतर रद्द झाली. चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटरचा ट्रॅक आखला गेला. रहदारी, रुग्णालये आणि सरकारी खर्च या मुद्द्यांवरून प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. डिसेंबर २०२३ ची शर्यत मिचाँग चक्रीवादळामुळे लांबली आणि अखेर ऑगस्ट २०२४ च्या शेवटी प्रकाशझोतांत पार पडली. मुंबई आणि नवी मुंबईच्या नावानेही अशा शर्यतींची चर्चा वेळोवेळी होत असते. आपल्या शहरात असा ट्रॅक यायचा झाला, तर मराठी वाचकाने कोणते प्रश्न विचारावेत? मायामी गार्डन्सच्या लोकांना ते आधी कळले, म्हणून त्यांना रस्ता वाचवता आला. आपल्या वाचकाला ते आपल्याकडूनच कळायला हवेत.

आता विनंत्या. फार नाहीत, आणि अवघडही नाहीत.

पहिली विनंती. प्रत्येक नव्या ट्रॅकचा नकाशा वर्षातून निदान एकदा छापा. वळणांचे आकडे, सरळ पट्टे, पिट लेन, आणि आजूबाजूला काय आहे तेही दाखवा. वस्ती कुठे, रस्ता कोणता, रुग्णालय किती लांब.

दुसरी विनंती. शर्यतीमुळे शहराला इतके कोटी मिळाले असा आकडा हाती आला, की तो कोणी काढला हे सोबत लिहा. आकडा आयोजकांनी दिला आहे की स्वतंत्र हिशेबनिसाने तपासला आहे? उत्पन्नाच्या आकड्याशेजारी रस्ते, पोलीस, स्वच्छता यांवर झालेला सार्वजनिक खर्चही मांडा. करारात लोकांना काय देऊ केले होते आणि त्यातले काय मिळाले, याचा पाठपुरावा दोन-तीन वर्षांनी करा.

तिसरी विनंती. ड्रायव्हरांच्या सुरक्षेच्या तक्रारींना निकालाइतकीच जागा द्या. अपघात घडल्यावर हळहळ छापण्यापेक्षा, आधी कोणी काय सांगितले होते ते छापणे अधिक उपयोगाचे.

चौथी विनंती. अमेरिकेतल्या मराठी माणसांकडून लिहवून घ्या. फ्लोरिडात मराठी कुटुंबे राहतात, त्यांतले काही ही शर्यत पाहायलाही जात असतील. प्रेक्षकांत कोण तारे होते हे त्यांना विचारू नका. शर्यतीच्या आठवड्यात वस्तीत आवाज किती येतो, रस्त्यावर किती वेळ अडकावे लागते, दुकानदार काय म्हणतात, शाळा कशा चालतात, हे विचारा. वृत्तसंस्थेच्या मजकुरात न येणारे असे पुष्कळ त्यांच्याकडे असेल.

पाचवी आणि शेवटची विनंती. मोटारशर्यत हा श्रीमंतांचा तमाशा आहे, असे मानून तिला कोपऱ्यात टाकू नका. या खेळात यंत्रशास्त्र आहे, विलक्षण कौशल्य आहे, धैर्य आहे, आणि शहर कसे चालावे याचे प्रश्नही आहेत. मराठी वाचक यातले सगळे समजून घेऊ शकतो. क्रिकेटच्या खेळपट्टीवरचे गवत किती मिलिमीटरचे, हे तो चवीने वाचतो. त्याला डांबराबद्दल, बॅरियरबद्दल आणि १९९व्या रस्त्याबद्दल वाचायला नक्कीच आवडेल.

मोटारशर्यतींवर माझे प्रेम आहे, आणि ते पुढेही राहील. शर्यती बंद व्हाव्यात असे मला मुळीच वाटत नाही. त्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांना विचारून आणि त्यांना हिशेब देऊन व्हाव्यात, एवढेच वाटते. हे घडवून आणण्याची ताकद पत्रकाराकडे असते, कारण प्रश्न विचारणे हेच त्याचे काम आहे. पुढच्या मायामी ग्रां प्रीच्या निकालाशेजारी अर्धा रकाना त्या जागेसाठी राखून ठेवा. आणि आपल्या राज्यात असा ट्रॅक आखला जाईल त्या दिवशी आपला प्रतिनिधी आयोजकांच्या पत्रकार परिषदेबरोबरच पलीकडच्या वस्तीतही पाठवा.



आपला नम्र,
क्रीडापानाचा एक वाचक
पुणे